गुणगुण वेगळी, घरघर वेगळी

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांमध्ये सध्या एक निरोप फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला. त्यात एकदा अशा मित्राकडून, ज्याला टर्नटेबल मीच लावून दिलं होतं. निरोप थोडक्यात असा:

‘स्वस्त टर्नटेबलमधून येणारा खालचा आवाज म्हणजे अर्थिंगचा दोष. टर्नटेबलची अर्थ वायर भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थला जोडा, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची मोठी पिन काढून टाका. तरी आवाज राहिला तर मोटर गेली समजा. तात्पुरतं सुईच्या डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवा आणि केबल सोन्याच्या मुलाम्याची घ्या. एवढं करूनही फरक नाही पडला तर यंत्रच टाकाऊ, या किमतीत दुसरं काय मिळणार!’

यातला दुसरा सल्ला जिवाशी खेळणारा आहे, म्हणून क्रम मोडून आधी तोच घेतो.

तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन लांब असते, कारण तिने सॉकेटमध्ये सगळ्यांत आधी शिरायचं आणि सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचं असतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी गेलंच, तर धातूच्या डब्यावर आलेली वीज त्या पिनेवाटे जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन कापलेली असेल तर तो डबा 230 व्होल्टवर निवांत बसून राहतो. टर्नटेबलचा धातूचा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, तारेने त्याच डब्याला जोडलेला आणि तुम्ही रेकॉर्ड बदलायला हात लावताय त्याच टोनआर्मला! गुणगुण नको म्हणून ही किंमत?

पिन काढल्यावर आवाज थांबतो, हा काही जणांचा अनुभव खरा आहे. पण त्यातून एवढंच कळतं की दोन उपकरणांना दोन वेगळ्या वाटांनी अर्थ मिळतोय आणि त्या दोन वाटांचा मिळून एक फेरा तयार झालाय, ज्यातून फिरणारी बारीक वीज गुणगुणते. दुसरी वाट बहुतेकदा संगणकाची असते, कधी पॉवर्ड सबवूफरची, तर कधी सेट-टॉप बॉक्समागे येणाऱ्या केबलवाल्याच्या तारेची. अ‍ॅम्प्लिफायरला टर्नटेबल सोडून जे जे जोडलंय ते एकेक काढत जा. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. दोषी सापडला की दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर फोनो स्टेजच्या, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या, पुढच्या सिग्नल तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला; तो सिग्नल जाऊ देतो, पण अर्थचा फेरा तोडतो. पिनेला हात लावायचा नाही. टर्नटेबलची अर्थ वायरसुद्धा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूवर जाते, भिंतीत कधीच नाही. भिंतीला जोडलीत तर नव्हता तो फेरा तुम्ही स्वतः तयार केलात. शिवाय जुन्या इमारतीतल्या सॉकेटमागे कुठली तार कुठे गेली आहे याची खात्री कोण देणार?

आता निरोपाचं मूळ विधान: खालचा आवाज म्हणजे अर्थिंग. मुळात ‘खालचा आवाज’ ही एक गोष्टच नाही. गुणगुण विजेची असते आणि घरघर यंत्राची. दोन्हींना एकच औषध देणारा वैद्य बदललेला बरा.

फरक ओळखायला घरात पेटी असेल तर काढा, नसेल तर मोबाइलवरचं तंबोऱ्याचं अ‍ॅप चालेल. आपली वीज 50 हर्ट्झची. हा सूर म्हणजे खूप खालच्या सप्तकातली पांढरी पाच (पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी), जराशी चढी. लहान स्पीकरमधून 50 हर्ट्झ नीट बाहेर येतही नाही, आपण ऐकतो ते वरचे 100 आणि 150. त्यातला 100 म्हणजे पुन्हा पांढरी पाचच आणि 150 तिचा पंचम. आवाज या सुराला चिकटून असेल आणि रेकॉर्ड फिरो न फिरो तो ढळत नसेल, तर ती विजेची गुणगुण. अमेरिकेतल्या मंडळींची वीज 60 हर्ट्झची असल्यामुळे त्यांचा सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे अडकतो, पेटीवर सापडतच नाही. घरघरीला असा स्थिर सूर नसतो. ती गडगडते, कमीजास्त होते आणि सुई उचलली की थांबते.

ही सुई उचलण्याची चाचणी निरोपात कुठेच नाही, आणि निम्मं निदान तिथेच होतं. सुई वर, मोटर बंद, आवाज नेहमीच्या जागी. आता गुणगुण ऐकू येतेय? मग मोटर, बेल्ट, बेअरिंग सगळे निर्दोष सुटले. मोटर चालू केल्यावर, सुई वरच असताना ती सुरू झाली तर मोटरचं किंवा तिच्या वायरिंगचं विद्युतचुंबकीय क्षेत्र काट्रिजपर्यंत, म्हणजे सुई बसवलेल्या डोक्यापर्यंत, पोचतंय. सुई रेकॉर्डवर टेकल्यावरच आवाज येत असेल तर मामला यांत्रिक.

समजा गुणगुणच निघाली. तरीही ती अर्थिंगची असेलच असं नाही. टोनआर्मच्या धातूला बोट लावल्यावर आवाज बदलला तर अर्थ वायर सैल आहे किंवा तुटली आहे, आणि इथे निरोप बरोबर आहे, मान्य. पण आत प्रीअँप, म्हणजे फोनो स्टेजच, बसवलेल्या अनेक स्वस्त यंत्रांना वेगळी अर्थ वायर नसतेच. तिथे मी आधी मागचा फोनो-लाइनचा खटका बघतो: ‘फोनो’वर सुईचा कच्चा सिग्नल बाहेर येतो, ‘लाइन’वर आतच वाढवलेला. खटका ‘लाइन’वर आणि तार अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटमध्ये, हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिलाय की आता हसूही येत नाही. सिग्नल दोनदा वाढतो, गाणं फाटतं आणि गुणगुण छाती काढून उभी राहते.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला पुरेसं गाणं मावणार नाही. ऐकताना फोनो स्टेज ते दाबलेलं परत उचलते. 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाची संघटना) वक्ररेषेप्रमाणे 1000 हर्ट्झच्या तुलनेत 50 हर्ट्झला सुमारे 17 डेसिबल जास्त मिळतात. म्हणजे मधला सूर 100 पट वाढत असेल तर विजेचा सूर जवळपास 700 पट. मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजमध्ये सुईसोबत हलणारं चुंबक बारीक गुंडाळीत वीज उठवतं, आणि त्यातून मुळात येतात चार-पाच मिलिव्होल्ट. त्या बारीक गुंडाळीशेजारी एखादा ट्रान्सफॉर्मर बसला असेल तर त्याला पहिला मान मिळणारच.

माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. जागा वाचवायची म्हणून टर्नटेबल ठेवलं अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर. अर्थ वायर चार दिवस सोडली, घासली, पुन्हा आवळली. शेवटी लक्षात आलं की सुई वर धरून टोनआर्म हाताने लेबलकडे नेला की गुणगुण वाढते आणि परत कडेला आणला की उतरते. अर्थिंगचा दोष असा जागा बघून वागत नाही. टर्नटेबल शेजारच्या स्टुलावर नेलं आणि विषय संपला. राउटरचा अडॅप्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर हेही याच जातीचे. त्यांचा आवाज गुणगुणीपेक्षा चिरका, माशी घोंघावल्यासारखा असतो आणि बटण बंद केलं की कळतं. एकाच बाजूच्या स्पीकरमधून गुणगुण येत असेल तर काट्रिजमागच्या चार पिना तपासा: पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची. निळी किंवा हिरवी सैल असली की तीच बाजू गुणगुणते.

‘मोटर गेली’ या निदानाबद्दल. मोटर जाते तेव्हा ती बहुधा थांबते किंवा वेग धरत नाही. घरघर आली म्हणून मोटर बदलणं म्हणजे दार करकरतंय म्हणून भिंत पाडणं. बेल्ट काढा, मोटर चालू ठेवा आणि थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा. आवाज आला तर मोटरची थरथर खोक्यातून सुईपर्यंत येतेय. मग खाली बघा: प्रवासात मोटर हलू नये म्हणून काही यंत्रांत एक स्क्रू आवळलेला असतो, तो सोडायचा राहिलाय का? रबरी टेकू कडक झालेत का? बेल्ट काढल्यावर शांतता आणि चढवल्यावर घरघर असेल तर संशय प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्डखालच्या फिरत्या थाळीच्या, बेअरिंगवर. ते कोरडं पडलं असेल तर पुसून, निर्मात्याने तेल चालतं म्हटलं असेल तरच, एक-दोन थेंब. घड्याळही लावून बघा. 33⅓ वर एक फेरा 1.8 सेकंदांचा. घरघर बरोबर त्या तालात चढत-उतरत असेल तर मोटरपेक्षा प्लॅटर, बेअरिंग किंवा वाकलेली रेकॉर्ड यांच्याकडे वळा.

मोटर बंद, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर, आवाज हळूहळू वाढवत नेला आणि ‘घूंऽऽ’ करून खोली भरली, तर स्पीकरचा हादरा फळीतून सुईकडे परत येतोय. शोकेसच्या काचेच्या फळीवर स्पीकर आणि टर्नटेबल शेजारी मांडणाऱ्यांना हा प्रसाद हमखास. सूटकेससारख्या यंत्रांत तर स्पीकर त्याच डब्यात असतो, तिथे आवाज कमी ठेवणं किंवा बाहेरचा स्पीकर जोडणं एवढंच हाती. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर तेही दाबा. मोनोमध्ये घरघर बरीच कमी झाली तर हालचाल वर-खाली आहे, कारण खाचेतली उभी हालचाल दोन बाजूंच्या सिग्नलमध्ये विरुद्ध उमटते आणि एकत्र केली की कटते. वूफरचा पडदा नुसताच आत-बाहेर डुलतोय आणि ऐकू काहीच येत नाही, तर ती वाकलेली रेकॉर्ड. तिला 20 हर्ट्झच्या आसपासचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे त्याखालचे ऐकू न येणारे सूर गाळणारा, पुरतो.

नाण्याचं गणितच मांडतो. टोनआर्म आणि काट्रिज मिळून 20 ग्रॅमचं प्रभावी वजन आणि सुईची लवचीकता 15 (मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन) धरली, तर त्या जोडीची स्वतःची कंपनसंख्या 159 भागिले 300 चं वर्गमूळ, म्हणजे 9.2 हर्ट्झ. 8 ते 12 या चांगल्या पट्ट्यातली, छान. डोक्यावर तीन ग्रॅमचं नाणं ठेवलं की ती 8.6 होते, म्हणजे वाकलेल्या रेकॉर्डच्या हेलकाव्यांच्या दिशेने सरकते. आणि दोन ग्रॅमवर चालणारी सुई पाचवर दाबली जाते. उडी मारणारी सुई कदाचित बसेल, पण खाच झिजेल. घरघरीचा या सगळ्याशी संबंध नाही.

सोन्याचा मुलामा गंज रोखतो, गुणगुण नाही. केबलची बाहेरची जाळी तुटली असेल तर नवी घ्या, साधी चालेल.

राहिलं ‘टाकाऊ’. स्वस्त यंत्राचं बेअरिंग महागड्या यंत्राइतकं शांत नसतं, हे खरं. पण शिक्षा सुनावण्याआधी दोन-चार वेगळ्या रेकॉर्ड लावा. जुन्या कित्येक रेकॉर्डमध्ये कापणाऱ्या यंत्राची घरघर खाचेतच कोरलेली आहे, ती कुठल्याही टर्नटेबलवर येणार.

निरोप पाठवणाऱ्या त्या मित्राकडे परवा पेटी घेऊन गेलो. पांढरी पाच दाबून धरली, आवाज तिच्याशी जुळेना. सुई उचलली, थांबला. बेल्ट काढला तरी येत होता. यंत्र उलटं केलं तर मोटरशेजारी लाल रंगाचा प्रवासाचा स्क्रू आवळलेलाच, आणि मान्य करतो, लावून देताना तो सोडायचा मीच विसरलो होतो. स्क्रूला दीड मिनिट लागलं. कापलेल्या पिनेचा प्लग मात्र बदलावा लागला.