रात्रीचा होटगी रोड म्हणजे मोनॅको नव्हे

रविवारी रात्री भाच्यानं आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्याआधी तोच मेसेज माझ्या टायरच्या दुकानाच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता, मी सोडून दिलं होतं. पण आता पोरगा एकोणीस वर्षांचा, बाईक घेऊन दोन महिने झालेले, आणि मेसेजखाली लिहिलंय, ‘मामा, बघा की. मी म्हणत होतो तेच आहे.’ त्याच्या आईनं न वाचताच त्यावर अंगठा दिला होता.

मेसेज थोडक्यात असा. मोनॅको, सिंगापूर, बाकू, लास वेगास इथं फॉर्म्युला वनची रेस शहरातल्या साध्या रस्त्यांवर होते. गाड्या ३०० च्या वेगानं जातात. भिंतीवर आदळले तरी ड्रायव्हर चालत बाहेर येतात, म्हणजे माणूस वेगानं मरत नाही, घाबरल्यानं मरतो. सगळा खेळ टायरच्या पकडीचा. मोठे रेसर असेच रस्त्यावर शिकले. भारतात असं कधी होणार नाही, कारण आपल्यात हिंमत नाही. आणि शेवटची ओळ इथल्याच, आमच्या सोलापूरच्या कुणीतरी जोडलेली: ‘रात्री अकरानंतर होटगी रोड, विजापूर रोड म्हणजे आपलं मोनॅको.’

या शेवटच्या ओळीमुळे मी लिहायला बसलो.

रस्ते रोजच्या वापरातले असतात, हे खरं आहे. मोनॅकोत एरवी त्याच रस्त्यावरून बस जाते. पण रेसच्या आधी तो रस्ता तयार करायला साधारण दीड महिना लागतो. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, वर जाळ्या, वळणावर टायरचे थर, आणि रस्त्यातली चेंबरची झाकणं वेल्डिंग करून पक्की. सिद्धेश्वर यात्रेत उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघायची असते तेव्हा रस्ता आधी कसा बघून ठेवावा लागतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. इथं तर ताशी ३०० चा मामला.

एवढं करूनही काय होतं, ते लास वेगासला दिसलं. १६ नोव्हेंबर २०२३ ची रात्र. सराव सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. कार्लोस साइन्झची फेरारी सरळ रस्त्यानं जात असताना पाण्याच्या व्हॉल्व्हवरचं झाकण सुटून वर आलं आणि गाडीचा तळ फाडून गेलं. झाकणाभोवतीचं काँक्रीट निकामी झालं होतं. या गाड्यांच्या खालून हवा इतक्या जोरात ओढली जाते की सैल झाकण जागेवर राहत नाही. सराव तिथंच थांबवला. सगळी झाकणं तपासली, दुरुस्त्या केल्या, आणि पुढचं सत्र पहाटे अडीचला सुरू झालं. तोवर प्रेक्षकांनाही बाहेर काढलेलं होतं. जगातले नामांकित इंजिनिअर, पाण्यासारखा पैसा, महिनोन्‌महिन्यांची तयारी, आणि एका झाकणानं सगळं बंद पाडलं.

आता आपला रस्ता बघा. होटगी रोडला किती चेंबर रस्त्याच्या बरोबरीत आहेत आणि किती चार बोटं खाली, ते कुणी मोजलंय? डिव्हायडर फोडून केलेली वाट, टिपरमधून सांडलेली खडी, पट्टे पुसलेला स्पीडब्रेकर. आणि हंगामात विजापूर रोडला उसाच्या जोड-ट्रॉल्या असतात. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, कांड्या बाहेर आलेल्या. ८० च्या वेगानं सेकंदाला २२ मीटर रस्ता मागं पडतो. पुढचं काळं काहीतरी ट्रॉली आहे हे डोक्यात येईपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं. रिकामा दिसणारा रस्ता रिकामा नसतो. तिथं आपल्याला अजून न दिसलेलं काहीतरी असतं.

३०० च्या वेगाचं म्हणाल तर बाकूच्या लांब सरळ रस्त्यावर गाड्या त्याहून वर जातात, मान्य. पण मेसेजमध्ये ज्याचं नाव सगळ्यात पुढं आहे त्या मोनॅकोत विक्रमी फेरीची सरासरी १६५ च्या आसपास आहे, आणि हेअरपिन वळणावर तेच जगज्जेते ५० च्या आसपास येतात.

सगळ्यात घातक ओळ ‘आदळले तरी चालत बाहेर येतात’ ही. नाही येत. १९६७ साली मोनॅकोतच लोरेन्झो बांदिनीची फेरारी बंदराजवळच्या वळणावर आदळून पेटली. कडेला संरक्षणासाठी लावलेल्या गवताच्या गाठींनीच आग वाढवली. तीन दिवसांनी तो गेला. २०११ साली त्याच भागात सर्जिओ पेरेझ आदळला. डोक्याला मार बसला, ती रेस हुकली आणि पुढची कॅनडाचीही. आज ड्रायव्हर वाचतात कारण अशा प्रत्येक अपघातानंतर नियम बदलले. गवताच्या गाठी गेल्या. २००३ पासून मान सांभाळणारं उपकरण सक्तीचं झालं, २०१८ पासून डोक्यावर टायटॅनियमची हेलो कमान आली. ड्रायव्हर कार्बन फायबरच्या कवचात सहा पट्ट्यांनी बांधलेला असतो. पहिल्या फेरीला डॉक्टरची गाडी सगळ्यांच्या मागोमाग धावते.

माझ्या भाच्याच्या छातीपुढं पेट्रोलची टाकी आहे. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. वेग ५० वरून १०० केला की आदळण्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यात घाबरण्याचा न घाबरण्याचा काही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट या मेसेजवाल्यांना कुणी सांगत नाही. पिटलेनमध्ये, जिथं मेकॅनिक पायी वावरतात, तिथं वेगाची मर्यादा असते. साधारण ८०, आणि मोनॅकोत ६०. ओलांडली की दंड. जिथं माणसं पायी आहेत तिथं जगातल्या सगळ्यात निष्णात ड्रायव्हरवरही भरवसा ठेवत नाहीत. आपल्या होटगी रोडच्या आसरा चौकात रात्री अकराला माणसं पायी असतात.

टायरचं मात्र मी थोडं अधिकारानं बोलतो, दिवसभर माझ्या हातात तेच असतं. पकड टायरची असते, ही ओळ अर्धी खरी. पण रेसचा टायर आधी ब्लँकेटमध्ये तापवून लावतात, तापला की चिकटतो, आणि शे-दीडशे किलोमीटरमध्ये संपतो. पाऊस आला की तो उतरवून नक्षीचा टायर घालतात. आपली पोरं काय करतात? कंपनीच्या अरुंद रिमवर रुंद टायर ओढून बसवायला सांगतात. मग टायर दोन्ही बाजूंनी आवळतो, मधोमध फुगतो, आणि रस्त्याला टेकणारा भाग उलट कमी होतो. मी बसवून देत नाही, ते दुसरीकडं जातात. मागच्या महिन्यात एकजण पार गोटा झालेला टायर घेऊन आला आणि म्हणाला, ‘राहू द्या, रेसला असलेच गुळगुळीत स्लिक टायर वापरतात.’ नखानं खरवडलं तर आतले धागे दिसत होते.

‘भारतात होणार नाही’ म्हणणाऱ्यांनी ११ फेब्रुवारी २०२३ आठवावी. फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या जागतिक मालिकेतली रेस हैदराबादला हुसेन सागरच्या काठच्या रस्त्यावर झाली. इथून ३०० किलोमीटरवर. ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. मी गेलो होतो. गाड्यांइतकाच मी कडेला बघत होतो. काँक्रीटचे ठोकळे एकाला एक भिडलेले, वर माणसाच्या डोक्याहून उंच जाळी, ठराविक अंतरावर झेंडे आणि अग्निशामक घेऊन उभी माणसं. त्यासाठी आजूबाजूची वाहतूक बंद ठेवली होती आणि हैदराबादकर वैतागले होते. पुढच्या वर्षीची रेस रद्द झाली ती करार फिसकटल्यामुळे. हिंमतीचा प्रश्नच नव्हता.

‘रस्त्यावर शिकले’ हेही खोटं. लहानपणापासून कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या रेसगाड्यांच्या, बंदिस्त ट्रॅकवर शिकतात. मॅक्स व्हर्स्टापेन २०१५ मध्ये सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा त्याच्याकडं साध्या रस्त्यावर गाडी चालवायचा परवानासुद्धा नव्हता. त्यानंतर, २०१६ साली, वय १८ आणि साधा परवाना हे दोन्ही सक्तीचे केले.

हे सगळं मी त्याच ग्रुपवर टाकलं. भाच्याचं उत्तर आलं नाही. सोमवारी संध्याकाळी तो दुकानात आला, न बोलता बाईक स्टँडला लावली आणि म्हणाला, ‘मामा, मागचा टायर बघता का जरा?’ हेल्मेट डोक्यात होतं. बीडपाशी, म्हणजे टायरच्या रिमला बसणाऱ्या कडेपाशी, काचेचा तुकडा रुतलेला निघाला.