‘संशय आला की नाव कापा’: चारित्र्य पडताळणीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्यांच्या, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांच्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पोलीस, संरक्षण, रेल्वे, अणुऊर्जा अशा खात्यांत घरभेदी शिरत आहेत, म्हणून ज्याच्यावर एकदा जरी गुन्हा नोंदला गेला, जो एखाद्या संशयास्पद संघटनेच्या कार्यक्रमाला गेला किंवा जो ‘ठरावीक’ वस्तीत राहतो, त्याला पडताळणीतच बाद करावे, सरकारी नोकरी हा कोणाचा हक्क नसल्यामुळे कारण सांगण्याचीही गरज नाही, आणि न्यायालये अशा उमेदवारांना परत आणून देशाच्या सुरक्षेशी खेळतात. दाखला म्हणून १९८४ साली इंदिरा गांधी यांची त्यांच्याच अंगरक्षकांनी केलेली हत्या दिली आहे.

मी मुंबईतील एका शासकीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत वीसहून अधिक वर्षे काम केले. निवड झालेल्या उमेदवारांचे साक्षांकन नमुने, म्हणजे उमेदवाराने स्वतःची माहिती लिहून दिलेले अर्ज, तपासून पोलिसांकडे पाठवणे आणि परत आलेल्या अहवालावर टिपणी लिहून नस्ती (फाइल) वर सादर करणे हे त्या कामाचे एक अंग होते. संदेशामागची काळजी मी हलकी मानत नाही. हिंसेवर श्रद्धा असलेला माणूस हत्याराच्या किंवा गोपनीय कागदांच्या जवळ बसता कामा नये. बंदी घातलेल्या संघटनेचे जाणूनबुजून सभासद राहणे हाच गुन्हा ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे आणि तशा माणसाला नोकरी नाकारण्यात काहीच गैर नाही. माझा आक्षेप आहे तो असा माणूस ओळखण्याची जी रीत संदेशात सांगितली आहे तिच्यावर, कारण त्या रीतीने निष्पाप उमेदवार अडतो आणि ज्याला अडवायचे तो सुटतो.

नोकरी हा हक्क नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. अमुक पद मला द्याच, असे कोणी म्हणू शकत नाही. पण त्या पदासाठी समान संधी मिळणे हा घटनेच्या १६व्या अनुच्छेदाने दिलेला मूलभूत हक्क आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास या कारणांवरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येणार नाही, असे तो अनुच्छेद नावे घेऊन सांगतो. संदेशातील ‘ठरावीक वस्ती’ या यादीच्या बाहेर कशी राहते, हे लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. राज्याच्या सुरक्षेसाठी चौकशीशिवाय बडतर्फी करण्याची वाट घटनेने मोकळी ठेवली आहे, हेही खरे. पण अनुच्छेद ३११ मधील ती तरतूद नोकरीत असलेल्यांसाठी आहे आणि ती वापरण्यासाठी खुद्द राष्ट्रपतींचे किंवा राज्यपालांचे समाधान व्हावे लागते. इतका मोठा अधिकार घटनेने इतक्या वर ठेवला असताना, त्याच वजनाचा निर्णय एका पोलीस अंमलदाराच्या दोन ओळींच्या शेऱ्यावर सोडावा, ही मागणी कोणत्याच तरतुदीत बसत नाही.

संघटनेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी संघटना असते. मध्य प्रदेशातील रामशंकर रघुवंशी हे पालिकेच्या शाळेतील शिक्षक होते. शाळा सरकारने ताब्यात घेतल्यावर त्यांना शासकीय सेवेत सामावून घेण्यात आले, पण पूर्वचारित्र्याच्या पडताळणीत पोलिसांनी कळवले की ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघ यांच्या कार्यात भाग घेत होते, आणि तेवढ्यावर त्यांची सेवा संपवण्यात आली. राज्य सरकारचे अपील १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळले गेले. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या त्या निकालाचा रोख असा होता की, बंदी नसलेल्या संघटनेत पूर्वी काम केले म्हणून पोलिसांच्या गुप्त अहवालावर माणसाची भाकरी काढून घेणे हे पोलिसी राज्याचे लक्षण आहे. न्यायमूर्ती स्वतः त्या विचारांचे नव्हते, म्हणून त्या निकालाचे मोल मला अधिक वाटते. आज ज्यांना हा संदेश पटतो आहे त्यांतील अनेकांच्या वडिलांना किंवा काकांना त्या काळी असाच शेरा मिळाला असता.

त्यापुढचीही एक गोष्ट येथे सांगायला हवी. १९६६ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून आपल्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते इस्लामी या दोहोंच्या कार्यात भाग घेण्यास मनाई केली. जुलै २०२४ मध्ये त्या आदेशांतून संघाचे नाव वगळण्यात आले. या निर्णयाचे कोणी स्वागत केले, कोणी विरोध केला. माझा मुद्दा त्या वादाचा नाही. ५८ वर्षे जे सभासदत्व निष्ठेच्या आड येते असे सरकार मानत होते, ते एका कार्यालयीन आदेशाने आड येईनासे झाले. म्हणजे ‘संशयास्पद संघटना’ ही यादी सत्तेबरोबर बदलते, आणि बदलत्या यादीवर माणसाचे चारित्र्य ठरवणारी पडताळणी देशाच्या सुरक्षेऐवजी त्या वेळच्या राज्यकर्त्यांच्या मर्जीची राखण करू लागते. नोकरीत आल्यावर राजकारणापासून दूर राहण्याचे बंधन महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये आहेच, आणि ते सर्व पक्षांना सारखे लागू आहे.

आता गुन्हा नोंदला गेल्याविषयी. साक्षांकन नमुना ज्यांनी भरला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: त्याच्या माथ्यावरच ताकीद असते की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल. मग प्रश्नांची माळ येते. कधी अटक झाली होती का, खटला भरला होता का, स्थानबद्ध केले होते का, न्यायालयाने दंड केला होता का, दोषी ठरवले होते का, सध्या एखादे प्रकरण प्रलंबित आहे का? हे प्रश्न वेगवेगळे विचारले जातात, कारण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या वजनाची असतात. संदेश मात्र या सगळ्या रकान्यांचा एकच रकाना करतो.

मुंबईकरांना या फरकासाठी दूर जावे लागत नाही. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. १० दिवसांनी, ३१ जुलैला, मुंबईतीलच विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपींना सोडले. पहिल्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यास सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत मनाई केली, आणि दुसऱ्याविरुद्ध पीडितांच्या नातेवाइकांनी अपील केले. दोन्ही स्फोटांत माणसे गमावलेल्या घरांना न्याय मिळालेला नाही, याचे दुःख मोठे आहे. पण एका निकालावर ‘निर्दोष होते तर इतकी वर्षे तुरुंगात का ठेवले’ म्हणणारा माणूस दुसऱ्या निकालावर ‘गुन्हा नोंदला होता म्हणजे काहीतरी असणारच’ म्हणत असेल, तर तो पुरावा पाहत नसून आडनावे पाहत आहे.

हे झाले गंभीर आरोपांचे. पडताळणीत अडकणाऱ्या मुलांपैकी माझ्या टेबलावर आलेली बहुतेक मुले आंदोलनातली होती. २० मार्च २०१८ रोजी रेल्वेतील नोकरीची मागणी करणारे शिकाऊ उमेदवार माटुंगा-दादरजवळ रुळांवर उतरले, तेव्हा सकाळच्या गर्दीत लोकल ठप्प झाली आणि लाठीमारही झाला. त्याच वर्षी जानेवारीत भीमा कोरेगावनंतरचा बंद आणि जुलैत मराठा आरक्षणाचे आंदोलन झाले. अशा प्रसंगी जमाव म्हणून ज्यांची नावे प्राथमिक माहिती अहवालात येतात त्यांत दगड मारणारेही असतात आणि फलक धरून उभे असलेलेही. दगड मारणाऱ्याला सूट द्या असे मी म्हणत नाही. पण राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकारच वेळोवेळी घेत आले आहे. जे प्रकरण सरकारला चालवण्यायोग्य वाटत नाही, तेच उमेदवाराला जन्मभर भोवावे, यात न्याय नाही.

१९८४ च्या दाखल्याला सरळ उत्तर द्यायला हवे. इंदिरा गांधींची हत्या करणारे शीख अंगरक्षक बिअंत सिंग आणि सतवंत सिंग हे दिल्ली पोलिसांत होते, आणि ऑपरेशन ब्लू स्टारनंतर, म्हणजे सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाईनंतर, धोका वाढला होता, हे खरे आहे. त्या काळात पंतप्रधानांच्या अगदी जवळ कोणाला नेमावे याची अधिक काळजी घेणे हा नेमणुकीचा प्रश्न होता. संदेश त्यावरून समूहाला नोकरीचे दारच बंद करायला सांगतो. महाराष्ट्राला या तर्काची किंमत माहीत आहे. गांधीजींचा खुनी मराठी ब्राह्मण होता म्हणून १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ज्या ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्यांतील बहुतेकांनी नथुराम गोडसेचे नावही आधी ऐकले नव्हते. त्या गावांतून उठून मुंबईत आलेल्या कुटुंबांत ती आठवण अजून आहे. एकाच्या कृत्यासाठी सगळ्यांना धरणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागू नये.

शिवाय खरी हेरगिरी ज्या प्रकरणांत झाली ती पाहा. १९८५ मध्ये उघडकीस आलेल्या कुमार नारायण प्रकरणात थेट पंतप्रधान कार्यालयातील कर्मचारी पैशासाठी कागद बाहेर देत होते. ‘रॉ’चे अधिकारी रबिंदर सिंग २००४ मध्ये नेपाळमार्गे अमेरिकेला पळाले. इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयातील माधुरी गुप्ता यांना २०१० मध्ये अटक झाली आणि २०१८ मध्ये त्या दोषी ठरल्या. या सर्वांची पडताळणी व्यवस्थित पार पडलेली होती. त्यांना पकडण्यासाठी वस्ती किंवा संघटना पाहून काही उपयोग झाला नसता. उपयोगी पडते ती सेवेत असताना ठेवलेली नजर: उत्पन्नापेक्षा जास्त खर्च, कर्ज, कारणाशिवाय मागवलेल्या नस्ती, न कळवलेल्या परदेशी ओळखी. आणि संशयच पुरेसा मानला की काय होते, ते नंबी नारायणन यांच्या बाबतीत दिसले. इस्रोच्या या शास्त्रज्ञाला १९९४ मध्ये हेर म्हणून अटक झाली. प्रकरण बनावट निघाले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपयांची भरपाई दिली. तोवर २४ वर्षे गेली होती.

न्यायालये सर्वांना परत आणतात, हे तर चूकच आहे. मेहर सिंग प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निर्दोष सुटका झाली तरी ती साक्षीदार फुटल्याने किंवा तडजोडीने झाली असेल तर पोलीस दल उमेदवाराला नाकारू शकते. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) माहिती दडवणे हे गंभीर मानले गेले. मात्र तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब असेल तर ती माफ करण्याची मुभा ठेवली आणि पदाचे स्वरूप पाहून, विचारपूर्वक निर्णय घ्यावा असे बजावले.

राहिला कारण न सांगण्याचा आग्रह. माझ्या हातून गेलेली एक नस्ती मला अजून आठवते. उमेदवार पारधी समाजाचा होता, मुंबईच्या पूर्व उपनगरातील झोपडपट्टीत राहणारा, पद शिपायाचे. अहवालात गुन्ह्यांच्या रकान्यात ‘निरंक’, म्हणजे काहीही नाही, असे होते. खाली मात्र निळ्या शाईत शेरा होता की वस्ती गुन्हेगारी स्वरूपाची असून समाजाची पार्श्वभूमी विचारात घ्यावी. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि त्याचीच भाषा अर्ध्या शतकानंतर माझ्या टेबलावर होती. मी टिपणीत ‘अहवाल प्रतिकूल’ असे लिहिले, कारण तसे लिहिण्याची पद्धत होती. त्या मुलाला एका ओळीचे पत्र गेले. तो तीन वेळा कार्यालयात आला, प्रत्येक वेळी पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, आणि ‘साहेब, माझ्यावर केस कुठली आहे तेवढं सांगा’ एवढेच विचारून गेला. मला सांगण्याची परवानगी नव्हती, आणि सांगण्यासारखी केस नव्हतीच.

पुढे एका नव्या अधिकाऱ्याने नस्ती परत मागवली, शेऱ्याला आधार काय असे पोलिसांना लेखी विचारले, आणि तीन आठवड्यांत दुरुस्त अहवाल आला. त्यात शेऱ्याची जागा कोरी होती. मुलगा रुजू झाला तेव्हा त्याच्याबरोबर निवडलेल्यांची एक वर्षाची सेवा पूर्ण झाली होती, आणि ज्येष्ठता यादीत त्याचे नाव त्या सर्वांच्या खाली लागले.