कमरेतील भूल आणि ‘अफूचे सलाइन’ : एक खुलासा

कमरेत इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया करताना सलाइनमधून अफू सोडतात आणि रुग्णाला व्यसन लागते, असा मजकूर लातूर, बीड, धाराशिव भागातील व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या एका आजींच्या मुलाने हाच मजकूर दाखवून संमतीपत्रावर सही नाकारली, म्हणून भूलतज्ज्ञ या नात्याने हे लिहीत आहे.

कमरेखालचा भाग बधिर होतो तो मणक्यातील पाण्यात सोडलेल्या ब्युपिव्हॅकेनसारख्या औषधामुळे, आणि ते अफूवर्गीय नाही. मात्र वेदना नसली तरी हातोडीचे ठोके ऐकत दीड-दोन तास निश्चल पडून राहणे वृद्धांना फार जड जाते. त्यासाठी बहुधा मिडॅझोलम, प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन ही गुंगीची, अफूवर्गीय नसलेली औषधे देतात. क्वचित फेंटानिल वा रेमिफेंटानिल, तेही अल्प प्रमाणात, सिरिंज पंपाने, म्हणजे औषध मोजून सावकाश सोडणाऱ्या यंत्राने. ही दोन्ही अफूवर्गीय असली तरी प्रयोगशाळेत बनतात, त्यांची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि पंप थांबवल्यावर रेमिफेंटानिलचा अंमल काही मिनिटांतच उतरतो. शस्त्रक्रियेपुरत्या, देखरेखीखालच्या अशा वापराने व्यसन जडत नाही.

काळजी करायचीच तर श्वासाची करावी. या अफूवर्गीय औषधांनी, विशेषतः मिडॅझोलमसोबत दिल्यास, श्वास मंदावू शकतो. म्हणूनच बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात, नाकावाटे ऑक्सिजन देतात, अफूवर्गीय औषधांवर उतारा म्हणून नॅलोक्सोन हाताशी ठेवतात आणि भूलतज्ज्ञ रुग्णाजवळून हलत नाही. घरच्यांनी रुग्णाचे जोरात घोरणे, दमा, झोपेच्या गोळ्या किंवा दारूची सवय यांपैकी काहीही न लपवता आम्हाला आधीच सांगावे.