बहावा, तरोटा आणि 'घरी बसून लिहिणारे'

भाऊ,

पेरणीची वेळ झाडं आणि तण पाहून कशी ओळखायची, या माझ्या परवाच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस, हे थोतांड आहे. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर पेरा, एवढं साधं आहे. घरी बसून झाडाफुलांवर लिहिणाऱ्यांनी शेतकऱ्याला दुबार पेरणीत ढकलू नये."

४५ दिवसांचं मान्य. बहावा उन्हाने फुलतो. तो आकडा मी जुन्या लोकांचं म्हणणं म्हणून द्यायला हवा होता, छातीठोकपणे नको होता. लेखात बदल केला आहे.

पण 'घरी बसून'? भाऊ, एकदा विचारायचं तरी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमचं सात एकर वावर आहे. १९९८ साली बाबा गेले, तेव्हापासून पेरणीच्या दिवशी मी वावरात नाही असं एकही साल गेलं नाही. दुबार पेरणी मीही केली आहे, बायकोची पोत गहाण ठेवून. ती काय असते हे मला तुमच्याकडून ऐकायचं नाही.

२०१४ चा मृग कोरडा गेला. मध्येच एक जोराची सर आली आणि गावात ट्रॅक्टर निघाले. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर गेलो. तरोटा (कुणी टाकळा म्हणतात) उगवला होता, दोन-दोन गोल पानांचा. आठ-दहा रोपं उपटून पाहिली. मूळ बोटभर, आणि टोकाशी माती पिठासारखी कोरडी. पेरलं नाही. चार-पाच दिवसांत त्याच तरोट्याने माना टाकल्या, शेजारचं सोयाबीन उगवून करपलं. मी जुलैत पेरलं, एकदाच. १०० मिमी विसरा असं मी कुठं लिहिलंय? पाऊस मोजायचं यंत्र महसूल मंडळाला एक, आणि आमच्याकडे नाल्याच्या अलीकडे चिखल तर पलीकडे फुफाटा. माझ्या वावरात ओल किती उतरली हे मला तरोट्याचं मूळच सांगतं. यात थोतांड काय आहे, ते तुम्हीच सांगा.

तणाबद्दल तुमची अर्धी ओळ, "२० दिवसांनी फवारायचं, त्यात पाहायचं काय?" पान पाहायचं! केना हे तण दोन-तीन पानांवर असलं तर तणनाशकाला दबतं. गाठीगाठीला मुळं धरून पसरलं की फवारल्यावर पिवळं पडतं आणि पुन्हा उठतं. पावसाची झड लागली तर ते २० दिवस थांबत नाही. आणि पहिल्या पावसाचं तण उगवू देऊन, वखराची एक पाळी मारून मग पेरलं तर निंदणाच्या मजुरीत किती फरक पडतो, हे लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलं नसावं.

'अंधश्रद्धा', 'मागासलेपण' वगैरे शब्दांना उत्तर देत बसत नाही. राग आला, म्हणून दोन शब्द जास्त लिहिले असतील. नाव न लिहिता कुणाच्या कष्टावर बोट ठेवलं की तो येतोच.

आर्द्रा लागल्या की या. धुऱ्यावर जाऊ, तरोटा तुमच्याच हाताने उपटा.