बाग अशी करा की पोरं येणारच नाहीत

आपल्या प्रभागात लहान मुलांसाठी बाग करायचा विचार आहे? उत्तम. गेल्या रविवारीच अशी एक नवी कोरी बाग बघून आलेय, तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐकून घ्या. बाग कोल्हापुरातली, पण कुठली ते सांगत नाही. राजारामपुरीवाल्याला ती राजारामपुरीतली वाटेल, बावडेकराला बावड्यातली, आणि दोघांचंही फारसं चुकणार नाही.

जागा शोधत हिंडू नका. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा ले-आउट पाडला की १० टक्के जागा खुली सोडावीच लागते, नियमच आहे. ती तुमच्याही कॉलनीत आहे. मंडळाचं शेड, त्यामागं कुणाच्या तरी बांधकामाची खडी, दोन बंद पडलेल्या जीपा, आणि मधे जो काही तुकडा उरलाय तो मुलांचा.

पैशाची तर काळजीच करू नका. खासदारांना वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करायला २०१३ च्या कंपनी कायद्यानं सांगितलंय. स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी बाजूला ठेवायचा असतो. पथ्य एकच पाळा. ज्याच्यापुढं फीत बांधता येते त्यावरच खर्च करा. झोक्याच्या कड्यांना घालायचं तेल, ढिले झालेले नटबोल्ट, माळ्याचा पगार, यांच्यापुढं कुणी फीत बांधलेली ऐकलीय का? मग त्यांची अंदाजपत्रकात तरतूद कशाला?

फलक सगळ्यात उंच खेळण्यापेक्षा उंच असावा.

घसरगुंडी पत्र्याची घ्या आणि तोंड पश्चिमेला करा. एप्रिल-मेमध्ये गर्दी आपोआप आटोक्यात राहते.

झोक्याखाली पेव्हिंग ब्लॉक घाला. इथं कुणी शहाणा वाळू सुचवेल, कुणी रबराची मॅट म्हणेल, पण आपण ऐकायचं नाही. ब्लॉक दिसायला छान, झाडायला सोपे, आणि चौरस मीटरवर बिल निघतं. पडणाऱ्याची काळजी कोल्हापूरला कळत नाही असं नाही हं. तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती आपण चाळून घेतो, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालतो, रोज उकरतो. का? तर शंभर किलोचा गडी पाठीवर आपटला तरी बरगडी शाबूत राहावी. शाहू महाराजांचं खासबाग कुस्ती मैदान १९१२ पासून उभं आहे, म्हणजे पडण्याचं शास्त्र आपल्याला शंभर वर्षं तोंडपाठ आहे. पण ते पैलवानांसाठी. पाच वर्षांचं पोर झोक्यावरून सुटलं तर ते सिमेंटवरच पडलं पाहिजे. त्याशिवाय घट्ट कसं होणार?

वाळूच्या खड्ड्याची जागा सेल्फी पॉइंटला द्या.

आता प्रवेशद्वार. बागेच्या नावात ‘सर्वसमावेशक’ हा शब्द घालणार असाल तर दाराकडं खास लक्ष पुरवा. गाड्या आत शिरू नयेत म्हणून लोखंडी पाइपांची नागमोडी वाट करा. धडधाकट माणूस त्यातून कंबर मुरडत जातो, व्हीलचेअर जात नाही. आणि गाड्या? त्या मागच्या पडक्या कंपाउंडातून येतात. मी तासभर होते, तेवढ्यात दोन मोटारसायकली आल्या, एकीवर तिघं.

माझा आठ वर्षांचा भाचा व्हीलचेअरवर असतो. ‘दिव्यांग मुलांसाठी खास झोका’ असं वाचून बहिणीनं त्याला आठवडाभर सांगून ठेवलं होतं. पाइपांपाशी आम्ही खुर्ची आडवी केली, तिरकी केली, मागं घेतली. शेवटी समोरच्या तालमीतली दोन पोरं आली, “मावशी, व्हा बाजूला” म्हणाली आणि भाच्यासकट खुर्ची उचलून पलीकडं ठेवून निघूनही गेली. या पोरांना कुठला निधी नसतो.

झोका मात्र खराच होता. खुर्चीसकट वर चढता येईल असा लोखंडी पाट, पुढं घडीचा रॅम्प, चारी बाजूंनी जाळी. आणि जाळीच्या दाराला कुलूप. वॉचमन झाडाखाली बसले होते.

“चावी सायबांकडं हाय ताई.”

“साहेब कधी येतात?”

“रविवारी न्हाई येत.”

“आणि मुलं कधी येतात?”

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “रविवारीच की.”

“कुलूप कशाला पण?”

“बाकीची पोरं बसत्यात आन् मोडत्यात. म्हनून.”

काय बिनतोड व्यवस्था आहे बघा! मोडू नये म्हणून कुणी बसायचंच नाही. याच न्यायानं रंकाळ्यात पाणी ठेवू नये, उगाच कुणी बुडायचं. भाचा जाळीला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. अख्ख्या बागेत तेल घातलेली वस्तू एकच होती, ते कुलूप.

सोमवारी महापालिकेत फोन लावला. पहिलं टेबल म्हणालं, बागेचं काम दुसऱ्या टेबलाकडं. दुसरं म्हणालं, बाग आमची, पण खेळणी वेगळ्या निधीतली, अजून हस्तांतरण झालेलं नाही, त्यामुळं देखभाल आमच्याकडं येत नाही. तिसऱ्यानं ठेकेदाराचा नंबर दिला. ठेकेदार म्हणाला, शेवटचं बिल निघू दे मॅडम, मग चावी देतो. पुन्हा पहिलं टेबल. लेखी अर्ज द्या, तिघांना प्रती द्या. हस्तांतरण झालेलं नाही तर उद्घाटन कसं झालं, असं विचारल्यावर फोन कट झाला.

पुढचा सल्ला द्यायचा होता, पण आता नाही जमत.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. मुलांना खेळायचा हक्क देणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९२ मध्ये मान्यतेची मोहर उठवली. ते दिल्लीचं म्हणून सोडून देऊ. पण या गावात प्रत्येक भाषण ‘राजर्षी शाहूंच्या नगरीत’ने सुरू होतं, त्याचं काय? त्या राजानं १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. आज पोराला झोक्यापासून लांब ठेवणाऱ्याला शाल मिळते आणि नारळ मिळतो.

आणि आपण तरी काय करतो? गणपतीत साउंडच्या भिंतींसाठी पावती फाडताना आपला हात आखडत नाही. तीच कॉलनी झोक्याखाली एक ट्रॉली वाळू टाकायची म्हटलं की “ते त्यांचं काम आहे” म्हणते. संध्याकाळी जेवणं उरकून मुलांच्या झोक्यावर मोबाइल बघत बसणारे नव्वद किलोचे काका, तुमच्याशीच बोलतेय. झोके तुम्ही मोडता. नाव पोरांचं होतं आणि कुलूप माझ्या भाच्याला लागतं.

मागणं फार मोठं नाही हो. दारात ९० सेंटिमीटरची मोकळी वाट ठेवा. रॅम्प फुटाला एक इंचापेक्षा जास्त चढता नको. बागेच्या मंजुरीतच पुढच्या काही वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे धरा, आणि ते धरले नसतील तर फीत कापायला येऊ नका. खेळणी मांडण्याआधी एका आईला आणि एका व्हीलचेअरला बोलावून वाट चालवून बघा. अर्धा तास लागतो, निविदा काढावी लागत नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही परत येतोय. चावी वॉचमनकडं ठेवा.