निकेलच्या तारा आणि स्टीलचा डाव

यंदा मिरगाचा पाऊस लागला आणि आठव्या दिवशी माझ्या बेस गिटारच्या तारांवर तांबूस ठिपके दिसले. फोंड्यात पावसाळ्यात प्रत्येक वस्तूला काही ना काही होतंच. चपलांना बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं, पापड चामट होतात. तारांनाच तेवढी सूट कुठून मिळणार? त्यात मला घाम फार. मे महिन्यात एका लग्नात वाजवून स्टेजवरून उतरलो, तर नवऱ्या मुलाच्या मामांनी काळजीने विचारलं, "बाबा, विहिरीत पडलेलास काय?"

तारा बदलायच्या ठरल्या. बेसला तारा चारच. त्या घ्यायला मला सोळा दिवस लागले.

चूक पणजीच्या दुकानदाराची. त्याने "निकेल की स्टील?" असं विचारलं, ते 'उकडे की सुरय?' विचारावं इतक्या सहज. तांदळाचा प्रश्न असता तर मी झोपेतही उत्तर दिलं असतं. इथे मी "विचारून सांगतो" म्हणालो आणि कदंबच्या बसमध्ये बसून परत आलो.

विचारायला आमचा बँड होताच. ड्रमर म्हणाला, "स्टील! १९६६ साली 'द हू' या रॉक बँडचा बेसवाला जॉन एन्टविसल तारा बनवणाऱ्या रोटोसाउंडवाल्यांबरोबर बसला आणि मनासारख्या तारा करून घेतल्या. त्या स्टीलच्या. असा झणकार निकेलला जन्मात यायचा नाही." कीबोर्डवाला शांतपणे म्हणाला, "मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन तार तुटेपर्यंत बदलत नसे. तू कशाला बदलतोस? उकळ." तारा उकळतात, हे खरं आहे. तारेवर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वळशांत अडकलेला मळ आणि तेलकटपणा सुटतो आणि तार दोन दिवस नवी असल्यासारखी वाजते. मी आईच्या पेजेच्या टोपात दहा मिनिटं उकळल्या. तिसऱ्या दिवशी तारा पुन्हा मठ्ठ झाल्या. टोप मात्र आईने आजतागायत पेजेला घेतलेला नाही.

शेवटी मी ज्याला काही ठरवता येत नाही तो माणूस जे करतो तेच केलं. दोन्ही सेट घेतले, ४५ ते १०५ जाडीचे. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले. किंमत घरी सांगितली नाही.

सेट टेबलावर ठेवले होते. आई आली, चष्मा लावून पाकिटं वाचली, मग फ्रिजवरचं मंगेशीच्या दीपमाळेचं चुंबक काढलं आणि स्टीलच्या तारेला लावलं. दीपमाळ चिकटली.

"फसवलं तुला," आई म्हणाली. "हे लोखंड. खऱ्या स्टीलला चुंबक लागत नाही."

चाळीस वर्षं बाजारात ती याच परीक्षेवर भांडी घेत आलीय. मी तिला समजावायला बसलो. तारेखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज येते आणि तीच पुढे आवाज होऊन बाहेर पडते. तार चुंबकाला लागलीच नाही, तर पिकअप बहिरा. म्हणून तारांना चुंबकाला लागणारंच स्टील घेतात.

"मग हा?" म्हणत तिने आमटीचा डाव आणला. दीपमाळ त्यावरून घसरून खाली पडली. दांड्यावर छाप होता: १८/८. मी फोनवर शोधलं आणि नको ते कळलं. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. माझ्या 'निकेल'च्या तारा मात्र आतून बाहेरून पोलादाच्या, वरच्या वळशांना नुसता निकेलचा मुलामा. त्यात निकेल किती? साधारण तेवढंच, ८ टक्के.

आईने मिनिटभर विचार केला. "म्हणजे निकेल माझ्या आमटीत आणि लोखंड तुझ्या गिटारीत?"

यावर मी काय बोलणार? गिटारच्या फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, बहुधा 'निकेल सिल्व्हर'च्या असतात आणि त्यात चांदी औषधालाही नसते, हे मी तिला सांगितलंच नाही.

मग म्हार्दोळच्या एका रिसेप्शनला स्टीलचा सेट चढवला. झणकार होता, ड्रमर खोटं बोलला नव्हता. पण तार म्हणजे कानस. बोट सरकवलं की चिर्र, आणि जेवणं सुरू व्हायच्या आत तर्जनीला फोड. पुढच्या लग्नाला निकेल लावलं. आवाज गोल, बोटं शाबूत. मंडपात कुणालाही फरक कळला नाही. दोन्हीकडे मुलीचे वडील येऊन "जरा हळू" म्हणाले, तेही ड्रमरला.

आता गिटारवर निकेल आहे. श्रावणात त्यावरही ठिपके आले. प्रत्येक गाण्यानंतर फडक्याने पुसतो. स्टीलचा सेट काढून खिळ्याला अडकवला होता. त्याला मात्र अख्ख्या पावसात डाग नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी काका माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधत होते आणि केवणीच्या सालीचा दोर कमी पडला. त्यांना तो सेट दिसला. तारेच्या एका टोकाला पितळेची भोक असलेली गोळी असते. दुसरं टोक त्यातून ओवलं की आपोआप फास तयार. काका खूश झाले. सगळ्यात बारीक तारेने शहाळ्यांचा घोस बांधला आणि तो ओढून पाहिला. "कामाची वस्तू आणलीस हो एकदाची."

आरतीला काका घुमट, म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य, घेऊन बसले. मी घोसाखाली उभा होतो. हात वर गेला आणि तार छेडली गेली. म्हार्दोळला वाजली होती त्याहून बरी वाजली. काकांची थाप क्षणभर चुकली. आईने टाळ न थांबवता वर शहाळ्यांकडे पाहिलं, मग गणपतीकडे, आणि गणपतीचा पाट हातभर मागे सरकवायला सांगितला.