स्टेशन हलतंय, शिव्या मात्र पायलटला

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेट बांधून उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये अंतराळ स्टेशनला यान जोडताना (म्हणजे डॉकिंग करताना) कुणी अडकलं, की ठरलेलं उत्तर येतं : ‘डॉकिंगची प्रॅक्टिस कर.’ डोंबलाची प्रॅक्टिस! अहो, स्टेशनची वाट जमिनीवरच लागलेली असते, व्हीएबीत, म्हणजे रॉकेट बांधायच्या कारखान्यात, पार्ट जोडतानाच. वर जाऊन बिचारा पायलट काय कपाळ करणार?

आधी स्टेशन गाठायचं बघू. ते 100 किलोमीटरवर, तुमचं यान 80 वर. खालून वर जायला दोन्ही बर्न (इंजिन पेटवणं) मिळून लागतो जेमतेम 33 मीटर प्रति सेकंदाचा वेगबदल. तेच ऑर्बिटचा कल स्टेशनपेक्षा एका अंशाने चुकला, तर तो सरळ करायलाच 39 जातात. म्हणजे अख्ख्या चढाईपेक्षा त्या एका अंशाची दुरुस्ती महाग! आणि हा अंश जातो कुठे? लाँचच्या वेळी 90 हेडिंग (सरळ पूर्व) सोडून रॉकेट हेलकावे खात वर नेलं, की तिथेच. तेव्हा आधी असेंडिंग किंवा डिसेंडिंग नोडवर (दोन्ही कक्षांची पातळी जिथे छेदते तिथे) कल जुळवा, मग बाकीचं.

तरीही लोक काय करतात, तर स्टेशन समोर दिसलं की नाक तिकडे करून इंजिन पेटवतात. दिसतंय ना, मग घाला गाडी! 1965 मध्ये नासाच्या जेमिनी 4 यानात अंतराळवीर मॅकडिविटने हेच केलं होतं. आपल्याच टायटन रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे तोंड करून ढकलत राहिला आणि टप्पा लांबच जात राहिला. त्याला निदान आधीचा कुणाचा अनुभव हाताशी नव्हता. तुम्हाला साठ वर्षांनंतर काय झालंय? 80 किलोमीटरवर तुमची फेरी 31 मिनिटांत होते, 100 वरच्या स्टेशनची साडेबत्तीसच्या आसपास. म्हणजे खाली राहूनच दर फेरीला तुम्ही स्टेशनपासूनचं साधारण 15 अंशांचं अंतर भरून काढता. नशीब अगदी फुटकं असेल तर 23-24 फेऱ्या, म्हणजे कर्बिनचे (खेळातल्या ग्रहाचे, सहा-सहा तासांचे) दोन दिवस. टाइमवॉर्प (वेळ पळवायची सोय) लावा आणि गप्प बसा.

आता खरा डोक्याला ताप : आरसीएस, म्हणजे यान जरा जरा सरकवणारे छोटे थ्रस्टर. थ्रस्टर ‘दिसायला बरे’ म्हणून टाकीच्या टोकाला चिकटवायचे आणि मग एल (उजवीकडे सरकायचं बटण) दाबला की यान सरकण्याऐवजी मुरडतं म्हणून बोंब मारायची. मुरडणारच! जंबो-64 टाकी भरलेली 36 टन, रिकामी 4 टन. वर पोचेपर्यंत टाकी संपलेली असते आणि वजनाचा मध्य भलतीकडे गेलेला असतो. व्हीएबीत टाकीचा स्लायडर शून्यावर आणा, वजनाच्या मध्याचा पिवळा-काळा गोळा कुठे सरकतो ते बघा, आणि त्याच्या पुढे चार, मागे चार थ्रस्टर सारख्या अंतरावर लावा. दोन मिनिटांचं काम आहे. पण नाही! त्यापेक्षा अर्धं मोनोप्रॉपेलंट (थ्रस्टरचं इंधन) एसएएसशी (यान स्थिर धरणाऱ्या यंत्रणेशी) भांडण्यात उडवलेलं चालतं.

पोर्टचंही तेच. ज्युनियर, साधा आणि सीनियर क्लॅम्प-ओ-ट्रॉन, हे लहान-मध्यम-मोठे डॉकिंग पोर्ट, एकमेकांत बसत नाहीत, हे लोकांना 20 मीटरवर जाऊन कळतं. त्याहून भारी म्हणजे भरलेला 36 टनी टँकर ज्युनियर पोर्टला लटकवणारे. मग स्टेशन बिजागरी सुटलेल्या दारासारखं झुलणार नाही तर काय करणार?

झुललं, की कुणीतरी शहाणा येऊन सांगतो, ‘ऑटोस्ट्रट लाव, हेविएस्ट पार्टला.’ (ऑटोस्ट्रट म्हणजे पार्ट एकमेकांना बांधणारे अदृश्य आधार, हेविएस्ट म्हणजे सगळ्यात जड.) हा सल्ला देणाऱ्याला एकदा समोर बसवायला हवं. टँकर जोडला की सगळ्यात जड पार्टच बदलतो, अख्ख्या स्टेशनचे अदृश्य स्ट्रट क्षणात त्या टँकरकडे वळतात. टँकर सोडला की पुन्हा परत. त्या हिसक्यात क्रॅकन (यानं फोडणारा खेळातला बग) जागा होतो आणि सोलर पॅनल उडतात. रूटचाही (ज्या पार्टपासून बांधणी सुरू झाली त्याचा) भरवसा नाही, डॉकिंग झालं की रूट बदलू शकतो. सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ट्वीकेबल्स चालू करा आणि ग्रँडपॅरेंट (दोन पार्ट पलीकडचा) निवडा. तो शेजारच्या शेजारी धरतो, लांबच्या भानगडीत पडत नाही. आणि प्रत्येक मॉड्यूलची रिअ‍ॅक्शन व्हील (यान वळवणारी फिरती चाकं) चालू ठेवू नका. मधल्या एकाची ठेवा, बाकीची राइट क्लिक करून बंद करा. नाहीतर सगळी मिळून स्टेशनला थंडी वाजल्यासारखं थडथडवतात.

पार्टची संख्या हा तर वेगळाच वैताग. स्टेशन सव्वादोन किलोमीटरच्या आत आलं की लोड होतं, वरचं घड्याळ हिरव्याचं पिवळं होतं आणि खेळ गोगलगाय होतो. दोष कुणाचा? सत्तर ओएक्स-स्टॅट (चिमुकली सोलर पॅनल) चिकटवणाऱ्याचा. जायगँटर हे मोठं पॅनल एकटं सेकंदाला 24.4 युनिट वीज देतं, ओएक्स-स्टॅट 0.35. करा भागाकार.

एवढं सगळं धड असेल, तर डॉकिंग म्हणजे काय उरतं? दोन्हीकडे ‘कंट्रोल फ्रॉम हिअर’, समोरचा पोर्टच टार्गेट (स्टेशन नव्हे, पोर्ट!), नॅव्हबॉल (दिशा दाखवणारा गोळा) टार्गेट मोडवर, शेवटच्या शंभर मीटरला 1 मीटर प्रति सेकंद, टेकताना 0.2. चुंबकाने धरलं की एसएएस बंद, कारण ते चुंबकाशीच झुंजत बसतं. इस्रोच्या स्पेडेक्स या डॉकिंग प्रयोगाची यानं 30 डिसेंबर 2024 ला गेली आणि 16 जानेवारी 2025 ला जोडली गेली. मध्ये 3 मीटरवर येऊन पुन्हा मागेही घेतली होती. त्यांच्याकडे एफ9 (आधी सेव्ह केलेला क्षण परत आणायचं बटण) नव्हतं. तुमच्याकडे आहे, तरी 15 च्या वेगाने धडकता!

आणि हे सगळं नीट करणाऱ्याला खेळ काय बक्षीस देतो? कधीतरी पोर्टवर राइट क्लिक केलं की ‘अनडॉक’ बटणच गायब. यात मात्र खेळाडूची काडीची चूक नसते. सेव्ह फाइल उघडायची, दोन्ही पोर्टच्या ‘स्टेट’ ओळी शोधायच्या, एकीकडे ‘डॉकर’ आणि दुसरीकडे ‘डॉकी’ आहे का ते बघायचं, नसेल तर हाताने लिहायचं. फाइलची कॉपी आधी काढून ठेवा, एक कंस इकडचा तिकडे झाला तर स्टेशनच काय, अख्खी सेव्ह जाईल.